खांद्यावरचा घट्टा

आमच्या आप्पांनी सगळ्या आयुष्यात पिक्चर पाहिले असतील पंचवीस-तीस. त्यातले निम्मे जत्रेच्या तंबूत, जमिनीवर मांडी घालून. दिग्दर्शक कोण, पटकथा कुणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नटांची नावंही त्यांना चार-पाचच ठाऊक. पण पिक्चर खरा का खोटा, याचा निकाल ते पहिल्या अर्ध्या तासात देऊन मोकळे व्हायचे.

मला आठवतो तो पहिला निकाल १९७६ च्या आसपासचा. मी दुसरी-तिसरीत होतो. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. जत्रेला तंबूवाला यायचा. दुपारपासून कर्ण्यावर गाणी लागायची. मालट्रकमधून डांब, कनात, पडदा आणि मशीन उतरायचं. मागं इंजिन धडधडत असायचं. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांत उजेड पेटवायचा, कांड्या जळून आखूड झाल्या की ऑपरेटर त्या पुढं सरकवायचा. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवे लागायचे आणि शेंगावाला फिरायचा. पुरुषमाणसं पडद्याच्या एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बायकांना सगळं उलटं दिसायचं. आमच्या आजीच्या लेखी सगळे हिरो डावखुरे होते.

त्या रात्रीच्या पिक्चरमध्ये गरीब शेतकऱ्याचा बैल सावकार ओढून नेतो, असा प्रसंग होता. हिरो बैलाच्या गळ्यात पडून रडत होता. तंबूत बायका मुसमुसत होत्या. आप्पा शेजारच्याला हळूच म्हणाले, "आरं, ह्या बैलाच्या खांद्याला घट्टा न्हाय. ह्येनं जू बघितलं न्हाय कवा. ह्यो बैल विकाय आणलेला हाय, राबणारा न्हाय."

शेजारच्यानं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "खरंय की." बघता बघता ती गोष्ट अख्ख्या रांगेत पोचली. हिरो रडतच होता, पण आमची रांग बैलाचा खांदा बघत बसली.

जू बसून बसून बैलाच्या खांद्यावरची कातडी जाड होते, केस उडतात, तिथं काळा घट्टा पडतो. बेंदराच्या आदल्या दिवशी त्याच खांद्याला तूप-हळद लावून खांदमळणी करतात. ज्यानं हे हातानं केलंय, त्याला पडद्यावरचा गुळगुळीत खांदा खुपणारच.

पुढं माझ्या लक्षात आलं, की गावात असा निकाल देणारे आप्पा एकटे नव्हते. ज्याचं जे काम, त्यात त्याची नजर पक्की. आजी म्हणायची, "ह्या बाईच्या डोक्यावरची घागर रिकामी हाय. भरली असती तर मान ताठ झाली असती." एका पिक्चरमध्ये रात्रीचा प्रसंग दिवसाच उरकून वर निळा रंग चढवला होता. रानात पाणी धरणारा एक गडी म्हणाला, "रात्र म्हणत्यात आन् झाडाची सावली पडलीया." मोटेवर काम केलेल्या म्हाताऱ्यानं एकदा सांगितलं, की हिरोला मोट हाकता येत नाही. मोट भरायला बैल धावेवरून मागं सारावे लागतात, आणि ह्याला बैल फक्त पुढं पळवायचं ठाऊक.

आणि हीच माणसं दुसऱ्या दिवशीच्या पौराणिक पिक्चरमध्ये मारुतीनं डोंगर उचलला की हात जोडायची. डोंगर पुठ्ठ्याचा आहे हे पोरांनाही दिसायचं. त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. शहरातले बंगले, पियानो, विमानतळ, यांतही कुणी चूक काढायचं नाही. मारुतीनं डोंगर कसा उचलावा याचा अनुभव कुणाला नव्हता. घागरीचा होता.

या नजरेला आमच्या भागात जुना इतिहास आहे. सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात येतं, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, तिथल्या आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाचे कागद, खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्याला थोडा आधार देणारा कायदा केला. माझ्या आजीचं माहेर सुप्याच्या बाजूचं. तिच्या आज्यानं तिला सांगितलेली एक गोष्ट ती आम्हाला सांगायची : लोकांचा राग माणसावर नव्हता, कागदावर होता.

बरोबर पन्नास वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. कर्जात जमीन गमावून शहरात गिरणीकडं वळणाऱ्या शेतकऱ्याची. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे पिक्चर निघत होते, त्या काळात या माणसानं कुणब्याचं खोपट पडद्यावर आणलं. बाबूराव मुळातले चित्रकार आणि कारागीर. त्यांनी कॅमेरासुद्धा स्वतःच्या हातानं तयार केला होता. पुढं १९३६ ला त्यांनीच त्याचा बोलपट केला. हिंदुस्थानातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात सांगताना जाणकार 'सावकारी पाश'चं नाव घेतात. सुप्याच्या वह्या जळाल्या आणि पन्नास वर्षांनी त्याच दुखण्याचा पिक्चर झाला, हे मला फार उशिरा, कॉलेजात वाचून कळलं. आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यातल्या बैलाला घट्टा हुता का बघ."

मी त्यांना 'दो बिघा जमीन'ची हकिगत सांगितली. १९५३ चा बिमल रॉय यांचा पिक्चर. बलराज साहनी शिकलेसवरलेले, पण त्या कामासाठी कलकत्त्यात खरोखर हातरिक्षा ओढायला शिकले. हे ऐकून मात्र आप्पा खूश झाले. "मग त्येच्या तळव्याला फोड आलं असत्याल," म्हणाले. न बघताच तो पिक्चर त्यांनी पास केला.

आमच्या भागात नीरेच्या डाव्या कालव्यानं ऊस आणला, उसानं कारखाने आणले. वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. कारखान्याबरोबर चेअरमन, संचालक, जीपगाड्या आणि सभा आल्या. म्हणून 'सामना' आला तेव्हा आमच्याकडं त्याची वेगळीच चर्चा झाली. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर. हा पिक्चर १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. पण आमच्या पारावर बर्लिनची बातमी नव्हती. पारावर एकच विषय : निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील नेमका कुणावरून घेतलाय? आमचे लोक म्हणायचे, तो पलीकडच्या तालुक्यातला. पलीकडच्या तालुक्यात पाहुणे होते, ते म्हणायचे, तुमच्याकडचाच दिसतोय. आपल्या गावचा आहे, असं म्हणणारा मला एकही भेटला नाही.

निळूभाऊ पडद्यावर दिसले की आजी बोटं मोडायची. कितीतरी गावांत बायकांनी त्यांना खरोखरचा वाईट माणूस समजून शिव्या घातल्याच्या गोष्टी आहेत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, तरुणपणी पुण्यात माळीकाम केलेला. आजीला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "माळी आसंल नाहीतर देव आसंल. पडद्यावर जे दिसलं ते म्या बघितलं." मला वाटतं, नटाला याहून मोठी पावती मिळत नसावी. हिंदूरावाचा आवाज चढत नाही, तो हळू बोलतो, हसतो, मास्तरला दारू पाजतो. आमच्याकडची सत्ता अशीच हळू बोलायची. तिथं कुणालाही घट्टा शोधावा लागला नाही.

याच काळात आमच्या गावावर पाणी आलं. उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं. ११७ टीएमसीचा जलाशय. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची गावं एकामागं एक पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ गेलं, ते आता भर उन्हाळ्यात पाणी उतरलं तरच दिसतं. आमचं घर, चावडी, पार, तालीम, मळा, सगळं गेलं. आम्ही वर माळावर नव्या गावठाणात आलो. सरळ रस्ते, पत्र्याची घरं आणि एकही जुनं झाड नाही. पुढं याच पाण्यानं ऊस आणि मासेमारी वाढली, भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक येऊ लागले. ते खोटं नाही. पण गाव होतं तसं कुणी टिपून ठेवलं नाही. फोटो म्हणावा तर आमच्याकडं चुलत्यांच्या लग्नाचा एक आहे. त्यात मांडवामागं आमच्या घराची अर्धी भिंत दिसते. आप्पा नवरा-नवरी कुणाला दाखवायचे नाहीत. बोट भिंतीवर ठेवायचे.

१९८७ ला रामायण सुरू झालं, तेव्हा नव्या गावात एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी सगळा गाव त्या घरात. बाण हवेत एकमेकांना धडकायचे, आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. मग घरोघर टीव्ही झाले, केबल आली, मराठी वाहिन्या आल्या. तंबू हळूहळू बंद पडत गेला. आता आईची पाळी होती. गावाकडच्या म्हणवणाऱ्या मालिकांत बायका पैठणी नेसून भाकरी थापायच्या. आई म्हणायची, "ह्यांच्या परातीत पीठ सांडत न्हाय, चुलीला धूर येत न्हाय, गोठ्यात शेण न्हाय. मग ह्या दिवसभर करत्यात काय? भांडणं." तरी संध्याकाळी सातला टीव्हीसमोर तीच पहिली असायची. एकदा विचारलं, खोटं आहे म्हणतेस, मग बघतेस का? म्हणाली, "सासू खरी हाय." मला उत्तर सुचलं नाही.

आईच्या त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. मीही हौशी प्रेक्षकच. नोकरी बारामतीत, पिक्चर बघायचा तो सुट्टीच्या दिवशी. तरी मला असं दिसतं, की वस्तू खऱ्या असणं आणि माणूस खरा असणं, ही दोन कामं वेगळी आहेत. मालिकेत साडी खोटी आणि सासू खरी असू शकते. काही पिक्चरमध्ये उलटं असतं. कंदील, जातं, बैलगाडी सगळं बाजारातून जुनं शोधून आणलेलं, पण त्यात बोलणारा माणूस कुठल्याच गावचा नसतो. उसाचा फड खरा आणि ऊसतोड्या नट उसाला कमरेच्या उंचीवर कोयता मारतोय, असंही मी बघितलंय. ऊस बुडातून, जमिनीलगत तोडतात. साखर बुडाकडं जास्त. वरून तोडणाऱ्याला मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाही.

दोन्ही कामं जमलेले पिक्चर पुढं आमच्याच आजूबाजूच्या पोरांनी काढले. जुन्नरकडच्या मंगेश हाडवळेंचा 'टिंग्या' २००८ चा. पाय मोडलेला चितंग्या बैल कसायाला द्यायचा का, एवढीच गोष्ट. आप्पांनी तो टीव्हीवर बघितला. बैलाचा खांदा बघितला आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं हीच पसंती. शिरूरकडच्या भाऊराव कऱ्हाडेंनी शेतजमीन विकून धनगराच्या कुटुंबावर 'ख्वाडा' काढला. त्याच्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कारण मेंढरं, वारा, माणसं, सगळ्यांचा आवाज जागेवरच घेतला होता. इतर पिक्चरमध्ये हे आवाज मागून स्टुडिओत भरतात. आमच्या भागात पालखीला काटेवाडीत मेंढरांचं रिंगण होतं. ज्यानं ते ऐकलंय, त्याला कळपाचा खरा आवाज ओळखायला पुरस्कार लागत नाही.

मग २०१६ चा एप्रिल संपता संपता 'सैराट' आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. म्हणजे आमच्या पाण्यापलीकडची माणसं. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांना मी आणि माझा मुलगा बारामतीला घेऊन गेलो. गाणी लागली की पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती. आप्पा हसत होते. मध्येच त्यांनी माझं कोपर दाबलं. पडद्यावर पाण्यात उभा असलेला पडका वाडा होता. "ह्यो कुगावचा इनामदाराचा वाडा. उजनीतला." पोरगा-पोरगी त्या वाड्याजवळ होते, सगळं थिएटर त्यांच्याकडं बघत होतं. आप्पा वाडा बघत होते. ज्या पाण्यानं आमचं गाव घेतलं, त्याच पाण्यातली एक भिंत पहिल्यांदाच एवढी मोठी होऊन त्यांच्यासमोर आली होती.

शेवट आला. ज्यांनी बघितलाय त्यांना ठाऊक आहे. आवाज बंद होतो, आणि ते लहान पोर पायांचे ठसे उमटवत जातं. ज्या थिएटरमध्ये तासाभरापूर्वी शिट्ट्या होत्या, तिथं चपलांचाही आवाज येईना. लोक खाली बघून बाहेर पडले. गाडीत मुलानं विचारलं, "आप्पा, कसा वाटला?" बराच वेळ ते गप्प होते. भवानीनगर मागं पडल्यावर म्हणाले, "ह्यात चूक काढाय काय न्हाय."

त्या वर्षीचा उन्हाळा दुष्काळाचा. उजनी खोल गेली होती. चार दिवसांनी आप्पा म्हणाले, "जुन्या गावाकडं नेता का?" आम्ही तिघं गेलो. तडकलेल्या गाळातून चालत. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता, त्याला व्हिडिओ काढायचा नाद. तो म्हणाला, "आप्पा, फेटा बांधा ना, भारी दिसेल." आप्पा म्हणाले, "म्या फेटा कवा बांधला? टोपीच घातली." मग त्यानं तसंच काढायला सुरुवात केली.

घराचं जोतं सापडलं. आप्पांनी चुलीची जागा दाखवली, दावणीची दाखवली. पुढं दगडांची गोल रास होती. तो पार. तिथं ते थांबले. काठी दगडावर टेकली आणि बोलायला लागले. मुलाकडं न बघता, माझ्याकडंही न बघता.

गाव उठायच्या आधीची गोष्ट. गावातली एक पोरगी, पंधरा वर्षांची, आणि दुसऱ्या आळीतला एक पोरगा. चिठ्ठी सापडली होती, एवढंच. या पारावर बैठक बसली. पोरीची शाळा बंद करून महिन्याच्या आत तिला लांब, घाटाखाली देऊन टाकायचं ठरलं, आणि त्या पोराच्या घरानं गाव सोडायचं. "मारलं न्हाय कुणाला," आप्पा म्हणाले. "पन इचारलं बी न्हाय कुणाला. मी हितं बसलो हुतो. ह्या अंगाला. मला वाटलं हुतं, की हे बरं न्हाय. बोललो न्हाय. पोराचं घर दोन दिसात गेलं. म्हातारी बैलगाडीत उलटं तोंड करून बसली हुती, गावाकडं बघत."

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. पडद्यावरच्या बैलाचा खांदा बघून खोटं ओळखणारा माझा बाप, ही गोष्ट पोटात घेऊन चाळीस वर्षं आमच्यात वावरला होता. मुलगाही गांगरला असावा, पण त्यानं मोबाईल खाली घेतला नाही. आप्पा गप्प झाल्यावरही तो काढत राहिला. मागं पाण्याची चुळचुळ, एक टिटवी, आणि काठीवर टेकलेले आप्पा. दोन-अडीच मिनिटं नुसतं तेवढंच.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आप्पा, हे मी टाकू का? लोकांनी बघायला पाहिजे."

"न्हाय," आप्पा म्हणाले. "ती पोरगी आसंल अजून कुठं तरी नांदत. नातवंडं झाली असत्याल तिला. तिला इचारल्याबिगर न्हाय. एकदा तसं केलंय आमी."

त्यांनी तो व्हिडिओ स्वतः एकदाच बघितला. चष्मा लावून, मोबाईल हातभर लांब धरून, शेवटच्या गप्प बसलेल्या भागासकट. मी म्हटलं, आता काही तरी चूक काढतील.

"पाण्याचा आवाज आलाय," म्हणाले. "तेवढं बरं झालं." आणि मोबाईल नातवाला परत दिला.

पावसाळ्यात धरण भरत गेलं, पार पुन्हा खाली गेला. आप्पा पुढं तीन वर्षं होते. तो व्हिडिओ मुलाकडं आहे. कुणाला दाखवलेला नाही. इथं गावाचं नाव मी त्याच कारणानं लिहिलेलं नाही.